मागावरून कापलेला कपडा

रविवार, संध्याकाळ. बोरगाव मेघे.

आईनं माझा अर्धा विणलेला कपडा मागावरून कात्रीनं कापला. मले न विचारता. समुद्रपूरची मंडळी मले पाहाले आलती, त्याहिले दाखवाले. मी पोहे घेऊन बाहेर आली तं कपडा पोराच्या आईच्या मांडीवर. आणि आईनं तो देऊनच टाकला. उभे धागे एकदा कापले की पुन्हा जुळत नाई, हे तिले कोण सांगन?

टेबलावर मावते एवढासा माग. रोज मनाले येईन तसं विणत होती. लाल सूत, मधीच जुन्या ओढणीची पट्टी, नाई आवडलं तं उसवून पुन्हा. कोणाले दाखवाचं नाई, कशाच्या कामाचं नाई, तोच तं आनंद होता. आणि सरळ कात्री.

"एवढ्याशा चिंधीसाठी काऊन भडकून राह्यली?" मंडळी गेल्यावर आई म्हणे. "त्याहिले तू पसंत हाय."

"मले विचारलं कोणी?"

"कपड्याचं का लग्नाचं?"

"दोन्हीचं."

मंग मीच तिच्या हातात फोन दिला. "पयले कपडा परत मांग. नकार मी सोता सांगीन."

ती अजून फोन धरून बसली हाय. मी मागाले नवे धागे बांधून राह्यली. रागानं गाठी नीट बसत नाई.