फाटकाबाहेरच्या दोन गाड्या

अब्बा, धाकट्याला साप चावला. तो वाचला, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं तुम्ही ऐकणार नाही.

तुम्ही हे जग सोडून गेल्यापासून खांडबाऱ्याचं आपलं औषधाचं दुकान मी चालवते. संध्याकाळी तिथे बसलं की तुमचा आणि सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांचा वाद आठवतो. तुम्ही म्हणता, "समोर दुसरं दुकान लागनं का दुकानदार आपोआप नीट बोलस. सरकारले कोनी भीती शे?" काका बशी खाली ठेवतात. "बिमार माणूस गिऱ्हाईक शे का, भाऊ?" मी कायम तुमच्या बाजूची.

गेल्या महिन्यात गोदामात खोकी हलवताना धाकट्याच्या बोटाला नाग चावला. जीप करून सरकारी दवाखान्यात नेलं. विषावरचं इंजेक्शन तिथे होतं, पण त्या खोलीला कुलूप, आणि किल्ली घेऊन फार्मासिस्ट मीटिंगला गेलेला. "कुलूप तोडलं तर चौकशी माझी होईल. तुम्ही बाहेर न्या," डॉक्टर खाली बघत म्हणाले. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

फाटकाबाहेर दोन खासगी हॉस्पिटलांच्या गाड्या उभ्याच होत्या. एका माणसाने स्ट्रेचर डोक्याकडून धरलं, दुसऱ्याने पायाकडून. "आमनाकडे आयसीयू शे!" "आमनाकडे मोठा डॉक्टर बठेल शे!" मी ओरडून विचारलं, इंजेक्शन आहे का? एक म्हणाला, मागवू. दुसरा नुसता ओढत राहिला. खरंच ओढत होते, अब्बा. स्ट्रेचर कलंडलं आणि तुमचा मुलगा मातीत पडला. त्याच्या पापण्या मिटत चाललेल्या, तोंडातून लाळ, आणि ते दोघे त्याच्या अंगावरून एकमेकांशी भांडतायत.

मी आत पळाले आणि दगडाने कुलूप फोडलं. आवाज ऐकून डॉक्टर धावत आले. मला रागावतील असं वाटलं, पण त्यांनी त्याला आत आणवलं आणि स्वतःच्या हाताने सलाईन लावून इंजेक्शन दिलं. धाकट्याचं एक बोट गेलं, जीव राहिला.

तुम्ही आणि काका असतात तर तुम्हा दोघांना त्या फाटकात उभं केलं असतं.

गावात सगळे मला धीट म्हणतात, आणि मी म्हणू देते. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून लिहिते: आत पळताना कुलूप तोडायचं मनात नव्हतंच. मातीत पडलेल्या त्याच्याकडे मला बघवेना, म्हणून मी पळाले होते.