चार नावं, एक तारीख

२० सप्टेंबर २००५
वैष्णवीच्या नेट कॅफेत अख्खी सकाळ गेली! आमच्या मुकुलने तेव्हा उत्साहाच्या भरात वेबसाइटची चार नावं घेऊन ठेवलेली — पावसच्या आंब्यांचं, काजूगरांचं, भाट्याच्या किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खोल्यांचं आणि एक स्वतःच्या नावाचं. दरवर्षी नूतनीकरण, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. एक तर ऐन हंगामात! तेव्हा पेट्या भरायच्या की ही नावं सांभाळायची?

"काका, चारही एका तारखेवर आणूया ना," वैष्णवी म्हणाली. कल्पना झकास. पण मुकुलच्या नावाची मुदत ऑगस्टमध्येच संपलीय! २९ तारखेपर्यंत पैसे भरायची सवलत. मग ते कोणीही उचलू शकतं.

२१ सप्टेंबर
पद्मजाला सांगितलं. लाटणं खाली ठेवून म्हणाली, "पक्षात? पोराच्या नावाचं काम पितृपक्षात करणार तुम्ही? जिवंत आहे तो!" घटस्थापनेला चारही एकदम करा म्हणे.

जिवंत आहे — कशावरून? तीन वर्षांपूर्वी भांडून गेला पोरगा. फोन नाही, पत्र नाही. पद्मजा दर रविवारी त्याच्या त्या नावावरच्या ई-मेलवर लिहिते; नाव गेलं की तो ई-मेलही बंद. उत्तर येत नाही, पण लिहिलेलं परतही येत नाही. परत येत नाही म्हणजे पोचतं, हे तिचं गणित. मी ते खोडत नाही. माझ्याकडे तरी दुसरं काय आहे?

२५ सप्टेंबर
पुन्हा विषय काढला. "चार दिवस थांबलं तर काय बिघडतंय हो?" बिघडतंय! सगळं बिघडतंय! पण तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि पिशवी घेऊन बाजाराला निघालो.

२९ सप्टेंबर
आज शेवटचा दिवस. कॅफेच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. उद्या पोराचं काही वाईट कानावर आलं तर? पक्षात हात मीच लावला, असं जन्मभर वाटत राहील. एवढा शिकलेला माणूस मी! स्वतःचाच राग येतो.

२ ऑक्टोबर
पद्मजाची ई-मेल परत आली. पहिल्यांदाच. "पत्ता चुकला असेल का हो माझा?"
हो म्हटलं.
ती जेवली नाही.

४ ऑक्टोबर, घटस्थापना
तीन नावं एका तारखेवर आली. चौथं गेलं. "कालच कोणीतरी घेतलंन ओ, काका." वैष्णवीचाही चेहरा पडला होता. कोणी घेतलं ते विचारायचं त्राणच उरलं नाही. घरी येऊन पद्मजाला म्हटलं, झालं सगळं. घटाला माती घालत होती, हसली. खोटं बोलण्यावाचून मला दुसरं काही करता येत नाही, अशी वेळ आलीय.

५ ऑक्टोबर
वैष्णवी धावतच घरी आली. नाव कोणी घेतलं ते नेटवर दिसतं म्हणे. दिसलं. मुकुल. मधे माझं नाव लावलंय, पुढे आपलं आडनाव. पत्ता न्यूझीलंडचा. फोन नंबरही आहे!

पद्मजा विचारतेय, तिकडे आत्ता किती वाजले असतील?