बरणीतले प्रश्न

सोलापूर,
६ फेब्रुवारी २०२५

सौ. सिद्धेश्वरी हिस,
बसवेशचा आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे. तूही असशीलच, भावाच्या घरी बसून खाणाऱ्याला काय होतंय. तू फोन उचलत नाहीस. विरुपाक्ष उचलतो आणि "ताई झोपलीय" म्हणतो. सकाळी केला तरी झोपलीय, संध्याकाळी केला तरी झोपलीय. केमच्या हवेत एवढी झोप असते हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून पत्राला बसलो.

मेस उत्तम चाललीय. तुझ्या जागी वेळापूरचा बिरुदेव म्हणून आचारी ठेवलाय. लग्नाच्या पंगतीतला माणूस, हात मोठा, तोंड बंद. तोंड बंद असलेला माणूस स्वयंपाकघरात किती बरा वाटतो ते आत्ता कळतंय. भाकरी तेवढी अशी करतो, की एकीवर दुसरी आपटली तर शाळा सुटल्याच्या घंटेसारखा आवाज येतो. शिकेल.

शनिवारची बरणीही चालू आहे. पोरांनी जेवणावरचे प्रश्न लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचे आणि शनिवारी जेवणाच्या वेळी मी माइकवर उत्तरं द्यायची, हे तुला काय नव्याने सांगायचं. पण तू कायम आत तव्यापाशी, त्यामुळे समोर पोरं कशी हसून लोळतात ते तू पाहिलंच नाहीस. या आठवड्यातले सांगतो.

एकाने विचारलं, आमटीत डाळ का दिसत नाही. म्हटलं, तू तरी वर्गात कुठं दिसतोस. दुसऱ्याने विचारलं, पनीर कधी होणार. म्हटलं, मागच्या रविवारी झालं, ज्याच्या ताटात पडलं त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. पुण्याकडचं एक पोरगं आलंय, ते विचारतंय, कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी का. म्हटलं, कडक भाकरी महिनाभर टिकते, तू पहिल्या सेमिस्टरला टिकलास तर पुन्हा विचार. आणि शेंगाचटणी एवढी तिखट का? तर घरच्या आठवणीने रडता, त्याला काहीतरी कारण नको का?

पोट धरून हसली पोरं. अशी मेस सोलापुरात दुसरी नाही.

काहींनी तुझी चौकशीही केली. मी सांगितलं, माहेरी गेलीय, भावाला जाड करायला.

आता कामाचं. सोमवारी १७ तारखेला कॉलेजची समिती जेवायला येतेय. पुढच्या तीन वर्षांचं कंत्राट कुणाला द्यायचं ते त्या जेवणावर ठरणार. प्राचार्य आहेत, रेक्टर मॅडम आहेत, यंदा विद्यार्थीही घेतलेत. त्यांच्यापुढे बिरुदेवची भाकरी ठेवली तर कंत्राट गेलंच समज. ते गेलं की पन्नाशीला आलेल्या माणसाने कुठं जायचं ते तूच सांग. मला दुसरं काय येतं? निंगव्वासुद्धा परवा भांडी घासता घासता म्हणाली, "अक्का न्हाईत म्हणून पोरं अर्ध्या ताटावरनं उटून जायलेत, मालक. बोलवून घ्या की." भांडीवालीने मला अक्कल शिकवायची वेळ आणलीस तू.

तू त्या शनिवारचं धरून बसली असशील. अगं, दरवर्षी एखादं नवं पोरगं ती चिठ्ठी टाकतंच, की इथल्या जेवणाला आईच्या हातची चव का नाही. त्यावर मी काहीतरी बोललो. माइक हातात आला की माणूस बोलतो. दोनशे पोरं हसली, म्हणजे वाईट नसणार. तुझं नाव घेतलं होतं का मी? तू आत होतीस. ऐकायला कुणी सांगितलं होतं?

आणि आता तू गॅदरिंगच्या दिवसाचं उकरून काढशील, म्हणून आधीच लिहून टाकतो. त्या दिवशी पाहुणे धरून सातशे पानं उठायची होती. तू म्हणालीस, पोटात दुखतंय. स्वयंपाकघरात रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी दुखतंच. पाचव्या महिन्यात काय होतं, काय नाही, ते पुरुषमाणसाला काय कळणार. तरी मी रिक्षा बोलावली होती की. मालकच पंगत टाकून उठला असता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. झालं ती देवाची मर्जी. सहा वर्षं झाली त्याला. माणसाने किती दिवस तेच तेच चघळायचं?

तर रविवारी ये. मी आणायला येणार नाही. तू आपणहून आलीस असं चारचौघांत दिसायला हवं. सोमवारचं जेवण पार पडू दे, मग रुसायचं तर खुशाल रूस. मी आड येणार नाही.

तुझ्या भल्याचंच बघणारा,
बसवेश


केम,
११ फेब्रुवारी २०२५

बसवेश यांस,
शरणु शरणार्थ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. प्रश्न बरेच आहेत त्यात, म्हणून तुमच्याच पद्धतीने एकेक चिठ्ठी उघडते आणि उत्तर देते. माझ्याकडे माइक नाही, तेवढं सांभाळून घ्या.

फोन का उचलत नाही? तुमचा आवाज ऐकला की अजून आमटीला फोडणी घालायला उठावंसं वाटतं. ती खोड जाईपर्यंत विरुपाक्ष उचलेल.

भावाच्या घरी बसून खाते का? हो, बसूनच. तुमच्याकडे सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने खात होते. बसून खाल्लं की जेवण संपल्याचं कळतं.

पोरं किती हसली? मेसला जेवणारी मोहोळची रेश्मा फोन करते मला. ती म्हणाली, "काकू, तुमी गेल्यापासनं बरणीत कोनीच चिठ्ठी टाकंना झालंय. अण्णाच प्रश्न लिवत्यात, अण्णाच वाचत्यात. आमी खाली मान घालून जेवतो. लई वंगाळ वाटतंय बघा." तेव्हा पनीरचा प्रश्न तुमचा, उत्तर तुमचं आणि हसलाही तुम्हीच. पुण्याकडचं ते पोरगं दिवाळीतच मेस सोडून गेलंय.

सोमवारी भाकरी कोण करणार? निंगव्वा करू शकली असती. माझी भाकरी म्हणून तुम्ही जी वाढत होता, त्यातली निम्मी तिच्या हातची होती. आधणाचं पाणी किती, निखाऱ्यावर किती वेळ ठेवायची, सगळं तिला येतं. तुम्ही तिला भांड्यांपलीकडे कधी काही विचारलं नाहीत, म्हणून तुम्हाला माहीत नाही. आता विचारायला उठाल, पण थांबा. मी तिच्याशी बोलले. हे पत्र तुमच्या हातात पडेल तोवर ती मोहोळला लेकीकडे गेलेली असेल. मी मुद्दाम केलं हे. देवाची मर्जी वगैरे काही नाही.

पन्नाशीला आलेल्या माणसाने कुठं जायचं? मला माहीत नाही. मी चाळिशीत निघाले, तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी काहीतरी बोललो, असं लिहिलंत. काय बोललात ते लिहिलं नाहीत. हात अडखळला असेल, तर मी लिहिते. तुम्ही म्हणालात, "आईच्या हातची चव यायला बाई आधी आई व्हावी लागते. आमच्या चुलीवर तेवढंच शिजलं नाही." एवढंच होतं. आतून नीट ऐकू आलं, स्पीकर स्वयंपाकघराच्या दारावरच लावलाय तुम्ही. मी उरलेल्या भाकऱ्या भाजल्या, तवा उतरवला, सकाळची गाडी धरली. पोरं हसली त्याचा राग नाही मला. त्यांना काय ठाऊक? तुम्हाला ठाऊक होतं.

रिक्षा बोलावली होती, हे खरं. दवाखान्यात मला निंगव्वाने नेलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, डबा घेऊन. खाटेशी उभे राहिलात आणि विचारलंत, "उद्यापासून उभी राहशील ना?" मी हो म्हणाले आणि राहिले. त्याची लाज तुमच्यापेक्षा मलाच जास्त वाटते.

सोमवारी मी येणार नाही. नंतरही येणार नाही.

जाता जाता एक. तुम्ही जगाच्या प्रश्नांना उत्तरं देत बसलात, पण एक प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही. मुलगा होता की मुलगी? नर्सने सांगितलं होतं मला. मी नावही ठेवलं होतं. सहा वर्षं मी थांबले, की हा माणूस कधीतरी एकदा विचारेल, जेवता जेवता, दिवा मालवताना, चेष्टेत का होईना. उत्तर रोज तोंडाशी तयार ठेवून निजले.

आता हे वाचल्यावर तुम्ही विचाराल. विचारल्याशिवाय राहवणार नाही तुम्हाला, मी ओळखते. पत्र पाठवाल, दारात येऊन उभे राहाल, विरुपाक्षच्या हातापाया पडाल. मी सांगणार नाही. निंगव्वाला माहीत आहे, तीही सांगणार नाही. तुमच्याजवळ हा एक प्रश्न राहील आणि म्हातारपणी सोबत करील.

त्याची किंवा तिची आई,
सिद्धेश्वरी