दुसरा फोटो

२ सप्टेंबर

पोहोचलो एकदाच्या! दोन ट्रंका, तीन पिशव्या, एक शिलाई मशीन आणि चिमटी. चिमटी म्हणजे माझी मावसबहीण. मणी ओवण्यापासून माझे गाल ओढण्यापर्यंत सगळं ती चिमटीत धरून करते, म्हणून हे नाव. खरं नाव हाजिरीपटावर वाचून आज ती स्वतःच दचकली. दोघींना एकाच अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय: बाहुल्या करायच्या, त्या तसूतसूने हलवायच्या, दर वेळी फोटो काढायचा आणि त्या फोटोंचा सिनेमा करायचा. बाबांना अजून वाटतं की मी कॉम्प्युटरचं काहीतरी शिकायला आलेय. मीही त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

वसतिगृहातली खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खाटा, एक टेबल, आणि एकदा उघडलं की मिटायचं नाव न घेणारं कपाट. स्टुडिओ मात्र फर्मास! तळमजल्यावर चार नंबर. खिडक्यांना काळा कागद, लाकडी फळ्यांची जमीन, मधोमध हत्ती पेलेल असं टेबल. सर म्हणाले की आत शिरलात की दिवस-रात्र विसरा, उजेड आपण करू तोच खरा.

मावशी सोडायला आली होती. निघताना तिने मला बाजूला घेतलं. काका गेल्यापासून तिला या पोरीशिवाय कुणी नाही. म्हणाली, धांदरट आहे गं, लक्ष ठेव. मी छातीठोकपणे सांगून टाकलं की तिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. मावशीचे डोळे भरले आणि माझेही. चिमटी तेवढ्यात लिफ्टमध्ये अडकली होती.

११ सप्टेंबर

बाहुल्या झाल्या! आधी तारेचा सांगाडा, त्यावर स्पंज, त्यावर कापड. डोकी मी केली, हात चिमटीने. तिने केलेल्या बोटांना नखंसुद्धा आहेत. गोष्ट अगदी साधी: दोन शेजारी, मध्ये एक भिंत, आणि भिंत कोणाची यावरून मारामारी. आधी बुक्के, मग लाटणं, मग हातोडी. शेवटी भिंत शाबूत आणि दोघांचे तुकडे. जाड्याचं नाव ढोल्या, किडकिडीत आहे तो काड्या. रक्ताऐवजी लाल लोकर.

सरांनी ढोल्याला हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिलं. म्हणाले, हा गडी रागावलेला नाहीये, हा नुसता कामाला लागलाय, तेच जास्त वाईट आहे. मी हे कौतुकच समजले.

२० सप्टेंबर

आज शूटिंग सुरू. एका सेकंदाला चोवीस फोटो लागतात. पण दर फोटोला बाहुली हलवायची तर वर्ष सरेल. म्हणून बाहुली एकदा हलवायची आणि तसेच दोन फोटो काढायचे. पहिला आणि दुसरा अगदी सारखे. म्हणजे बारा वेळा हलवलं की एक सेकंद. दिवसभर राबून आमचे साडेतीन सेकंद झाले आणि आम्ही जग जिंकल्यासारख्या नाचलो.

मार खाताना अंग कसं वाकतं हे कळायला आधी आम्ही स्वतः मारामारी करून पाहतो. मी ढोल्या, चिमटी काड्या. मी वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन तिला हाणते, ती कोलमडते, मोबाईलवर ते टिपून घेतो आणि मग एकेक ठेवण बाहुलीत उतरवतो. आज तिला सतरा वेळा मारलं. शेवटी ती म्हणाली की ताई, तुझा हात भलताच बसलाय. हसून हसून पोट दुखलं.

खोलीच्या कोपऱ्यात दुसरा मोबाईल टांगून ठेवलाय. तो दर दहा सेकंदांनी आख्ख्या खोलीचा फोटो काढतो. परीक्षेत आपण काम कसं केलं हे दाखवावं लागतं, त्यासाठी.

२५ सप्टेंबर

गंमत झाली. कालचे फोटो पाहत होते. पहिला आणि दुसरा सारखे नाहीत. पहिल्यात ढोल्याची हातोडी खांद्याजवळ, दुसऱ्यात बोटभर वर. दोन फोटोंमध्ये जेमतेम सेकंद जातो आणि बाहुलीला कुणी हात लावलेला नसतो. मी म्हटलं, चिमटे, तूच लुडबूड केलीस. ती म्हणाली, तूच. चांगली जुंपली आमची. मग ठरवलं की तार सैल झाली असेल.

पण चालवून पाहिलं तर काय सुंदर दिसतंय! आमच्या हालचाली खडखडीत, आणि मध्येच ढोल्या लोण्यासारखा हात उचलतो. सरांना दाखवलं. ते उठून उभे राहिले. म्हणाले, हे इतकं बारीक काम पहिल्या वर्षाच्या मुलींनी केलं? मी हो म्हटलं. ते फोटो फेकून द्यायला हवे होते, निदान सरांना खरं सांगायला हवं होतं. पण कौतुक फार गोड लागलं. फोटो ठेवले.

२८ सप्टेंबर

आज फार वाईट झालं.

बाहुलीच्या तळपायात नट बसवलेला असतो. टेबलाला भोक पाडून खालून स्क्रू पिळला की पाय जखडतो. पाय सुटा असेल तर बाहुली नुसती कोसळते, तिच्याकडून काहीच करून घेता येत नाही. पाय घट्ट झाला की मगच ती हवी तशी वाकते, वळते, मारते. तर काड्याला दोन पावलं मागे न्यायचं होतं. चिमटीने तळहात टेबलावर दाबून त्याचा पाय धरला होता. मी टेबलाखाली ड्रिल घेऊन भोक पाडत होते. ती थांब म्हणाली की मी थांबायचं, हे ठरलेलं. ती थांब म्हणाली. हे मला स्पष्ट आठवतं, आणि मी बोट काढलं तेही आठवतं.

त्यानंतर एकदम मी टेबलाशी उभी आहे, एक हात अजून टेबलाखाली ड्रिलवर, आणि पातं तिच्या तळहातातून वर आलेलं आहे, अजून फिरतंय. मधलं काही नाहीच. रक्त काड्याच्या पायापर्यंत वाहत गेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

नऊ टाके. डॉक्टर म्हणाले की थोडक्यात वाचली, बोटं हलतील. चिमटीने मावशीला फोनवर कात्री लागल्याचं सांगितलं. वर मलाच समजावत बसली, की अगं, होतं असं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

३० सप्टेंबर

ते पुन्हा झालं. चहा पीत होते. कप ओठाशी. मग कप भिंतीवर फुटलेला, चहा ओघळतोय, आणि माझा हात फेकल्यासारखा पुढे. एका फोटोतून थेट दुसऱ्या फोटोत गेल्यासारखं.

तळपाय ठणकत होते म्हणून पाहिले. दोन्ही टाचांच्या पुढे एकेक गोल भोक. सुबक. रक्त नाही, पू नाही. करंगळी आत घातली तर आत गोल गोल आटे लागले.

चिमटीला सांगितलं नाही. मोजे घातले.

१ ऑक्टोबर

चिमटी औषधाच्या गुंगीत झोपली होती. मी स्टुडिओत जाऊन कोपऱ्यातला मोबाईल उतरवला आणि खोलीचे फोटो पाहिले. २६ तारखेची दुपार. चिमटी स्टुलावर बसून बटणं शिवतेय, पाठमोरी. मी टेबलाशी. पुढच्या फोटोत मी तिच्या मागे. पुढच्या फोटोत माझ्या हातात हातोडी. खरी, खिळे ठोकायची. पुढच्यात ती डोक्याच्या वर. पुढच्यात तिच्या केसांच्या वीतभर वर. पुढच्यात मी पुन्हा टेबलाशी, आणि आम्ही दोघी हसतोय.

असं त्या दुपारी बारा वेळा. दर वेळी हातोडी थोडी अधिक खाली, शेवटच्या वेळी केसांना टेकलेली. तालीम चाललीय.

माझा चेहरा सगळ्या फोटोंत सारखाच आहे. रागसुद्धा नाही त्यावर.

२ ऑक्टोबर

सरांकडे गेले. ते फोटो दाखवायला मोबाईल उघडला, तर सगळे जागेवर होते, पण मलाच दाखवायची लाज वाटली. नुसतं म्हटलं की मधला मधला वेळ हरवतोय. सर म्हणाले की शूटिंगमध्ये सगळ्यांचंच डोकं फिरतं, दोन दिवस झोप काढ.

चिमटीला म्हटलं की तू घरी जा. ती फणकारली, आता कुठे चित्रपट रंगतोय आणि मी जाऊ? एका हाताने करीन. मी ओरडले. ती म्हणाली, ताई, तुला एकटीला नाव हवंय का? हे फार लागलं. भांडून ती स्टुडिओत गेली.

हातोडी कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. स्वतः टाकली. गाडी जाताना पाहिली.

३ ऑक्टोबर

दुपारी. मी खाटेवर बसून केस विंचरत होते. फणी केसात—

मग स्टुडिओ. दिव्याचा लोखंडी दांडा माझ्या दोन्ही हातांत. चिमटी जमिनीवर. तिच्या खांद्याचं हाड कातडीखालून वर आलेलं. भिंतीवर तिच्या नाकाचं रक्त. दांडा पुन्हा वर जात होता आणि मी तो थांबवला. मीच थांबवला. एवढं तरी माझं आहे.

तिने दवाखान्यात शिडीवरून पडले असं सांगितलं. मला वाचवायला, माझ्या शेजारी बसून. परत आल्यावर म्हणाली की ताई, ती तू नव्हतीस. तू मारत होतीस आणि मधेमधे थांबत होतीस. प्रत्येक वेळी थोडी थोडी. तुला कुणीतरी हलवत होतं.

तिने मावशीला खरं सांगून बोलावलंय. मावशी उद्या दुपारी येईल. तोवर ती शेजारच्या मुलींच्या खोलीत, आतून कडी लावून. ते मीच सांगितलं. कडीशिवाय दाराला कपाटही लावायला सांगितलं.

उद्या दुपारपर्यंत. एवढंच. तेवढा वेळ मी तिच्यापर्यंत पोहोचता कामा नये.

४ ऑक्टोबर, सकाळी

जागी झाले ती त्या मुलींच्या दाराबाहेर. उभी. नखं मोडलेली, दारावर ओरखडे. आत मुली रडतायत.

दोरी चालणार नाही, सोडेन. कुलूप चालणार नाही, फोडेन. चार नंबरमध्ये आलेय. दार आतून लावलं आणि किल्ली दाराखालून बाहेर सरकवली. मला मिळायला नको.

तरी भरवसा नाही. दार साधं आहे. मला जागचं हलताच येता कामा नये—

आता सुचलं. भोकं आहेतच ना.

४ ऑक्टोबर, अकरा

झालं. डावा पाय फळीवर ठेवला, वरून ड्रिलने लांब स्क्रू. पावलातून, भोकातून, फळीत. मग उजवा. हाडाशी पातं करकरलं. रक्त पुष्कळ. दुखलं मात्र नाही. दुखायला हवं होतं.

दोन्ही घट्ट. ओढून पाहिले. मुंगीएवढेही सरकत नाहीत. ड्रिल लांब फेकलं, पार टेबलापलीकडे. वही टेबलाच्या कडेवर ठेवून उभ्यानेच लिहितेय.

हसू आलं. मावशी, बघ, शब्द पाळला.

साडेअकरा

मी काय केलं हे

पाय सुटे होते म्हणून तर मी थांबू शकले. काल दांडा वर गेला तेव्हा पाय घसरला, तोल गेला, म्हणून थांबला. मी नाही थांबवला. तोल गेला म्हणून—

आणि मी स्वतःच्या हाताने—

कंबर वळली आत्ता. मी नाही वळवली. किती सफाईने वळली.

बारा

बाहेर पावलं. चिमटीची. हाक मारतेय, ताई, आई आलीय, खाली गाडीत आहे, तुझ्याशी बोलल्याशिवाय मी जाणार नाही. किल्लीचा आवाज. किल्ली सापडली तिला

येऊ नकोस म्हणायचंय. तोंड उघडत नाहीये. दोन्ही ओठ मिळून एक झालेत

दार

ती पाय बघून किंचाळली. धावत आलीय. खाली बसलीय माझ्या पायाशी, एका हाताने स्क्रू सोडवतेय, रडतेय, ताई थांब हं, सोडवते, सोडवते म्हणतेय. मान खाली. मानेवरचे केस बाजूला झालेत

डाव्या हातात ड्रिल आहे. मी फेकलं होतं. फेकलं होतं मी

उजवा हात अजून माझा. मोठ्या अक्षरांत लिहितेय, वही तिच्यासमोर धरते, चिमटे वर बघ, वाच

चिमटे पळ

चिमटे वर ब