शाळेत हजर, वर्गात गैरहजर ठरलेल्या मुलीबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
माध्यमिक विभाग

विषय : दहावी 'ब', हजेरी क्रमांक ३१ हिचा परीक्षेचा फॉर्म नाकारल्याबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापकांचे 'हजेरी अपुरी' एवढ्या दोनच शब्दांचे पत्र.

महोदय,

१. सदर विद्यार्थिनी माझी मुलगी. मी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला आहे. शाळा सुरू होताना मुख्याध्यापकांनी मला बोलावून, गरजू मुलांसाठी शाळेच्याच कॅन्टीनमध्ये सकाळचे काम आहे, मुलगी डोळ्यांसमोर राहील, असे सांगितले. मी आनंदाने सही केली. तो मूर्खपणा माझा.

२. काम साडेसहा ते आठ. आठला घंटा होते, पण शिक्षकांचा चहा त्यानंतर संपतो. सगळे कप गोळा करून, विसळून, पालथे घातल्याशिवाय कॅन्टीनवाले तिला सोडत नाहीत. वर्गशिक्षक तिच्याच हातचा चहा पितात, रिकामा कप तिच्याच हाती देतात आणि वर्गात जाऊन तिची गैरहजेरी लावतात. उशिरा येणाऱ्याला पहिल्या तासाला आत घेत नाहीत. म्हणून ती व्हरांड्यात उभी. वर्गशिक्षकांचा तास तेवढाच, आणि हजेरीही फक्त त्याच तासाला घेतात. पाच महिने हेच चालले आहे.

३. मागील महिन्यात शाळेने सकाळी पालकांसाठी 'अर्धवेळ नोकरीने मुलांच्या शिक्षणाची हानी' या विषयावर व्याख्यान ठेवले. वक्त्यांना चहा माझ्या मुलीने दिला. त्या दिवशीही तिची गैरहजेरी लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय म्हणावे?

४. मुख्याध्यापक म्हणतात, कॅन्टीन शाळेच्या आवारात असले तरी ते शिक्षण नव्हे. मग तिला तिथे का ठेवले, असे विचारताच शिपायाने मला बाहेरची वाट दाखवली.

५. सोमवारी मी तिचे काम बंद केले. मंगळवारी ती दप्तर घेऊन वेळेवर वर्गाच्या दारात पोचली. वर्गशिक्षक तिला म्हणाले, "इथे कशाला आलीस? कप तिकडेच ठेवलेत." वर्ग हसला. ती दारातूनच परतली आणि आज चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून आहे. गणितात ती वर्गात दुसरी येते. मला संताप आला आहे, महोदय, आणि तो अर्जाच्या भाषेत बसत नाही.

६. फॉर्मची मुदत उद्या संपते. तो स्वीकारण्याचा लेखी आदेश आजच द्यावा. तोवर मी आपल्या दारातून हलणार नाही.

आजच्यापुरती नम्र,
(सही)
हजेरी क्रमांक ३१ हिची आई
शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१) 'हजेरी अपुरी' पत्राची प्रत
२) गुणपत्रक
३) मुलीचा फोटो. वर्गशिक्षकांना दाखवावा, ही त्यांची विद्यार्थिनी आहे.