माग नीलाच्या नावे, फणी दोघांची

मी, गंगव्वा आण्णाप्पा दिवटे, वय अंदाजे बासष्ट, धंदा हातमाग, राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेली आहे, पण डोके ठिकाणावर आहे. घाई मात्र आहे. माझी सून नीला आत ट्रंक भरते आहे आणि तिचा भाऊ शामू तिला व माझ्या नातीला कोगनोळीला माहेरी न्यायला संध्याकाळच्या गाडीने येतो आहे. त्याआधी हा कागद पुरा व्हायला हवा.

१. राहते घर माझ्या कष्टाचे व माझ्या नावावर आहे. मागच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मुलगा परशराम यास. पुढची खोली, तीतला हातमाग आणि रस्त्याकडच्या दाराची किल्ली सून नीला हीस, तिची स्वतःची म्हणून. ती परशरामजवळ नांदो अगर न नांदो, यात बदल होणार नाही. गेल्या महिन्यात याच खोलीत परशरामने आडवा धागा फिरवायचा धोटा रागाने फेकला, तो तिच्या कपाळाला लागला. "मारायला म्हणून न्हाय फेकला," असे तो सांगत फिरतो. धोट्याचे टोक लोखंडी असते, हे विणकराच्या पोराला मी नव्याने सांगावे काय?

२. याच खोलीत दर शनिवारी गल्लीतली जोडपी बसतात, ते बंद पडू नये. याची सुरुवात माझ्या आणि यजमानांच्या भांडणातून झाली. नव्या ताण्याचे, म्हणजे उभे, धागे फणीच्या एकेका घरातून ओढायला दोन माणसे लागतात. एक मागून धागा देतो, दुसरा पुढून आकडीने ओढतो. एकदा आमचे कडाक्याचे वाजले होते, पण काम अडलेले. तोंड न उघडता बसलो. रागाच्या हाताने धागा तुटतो आणि मन भलतीकडे गेले की फणीचे घर चुकते, म्हणून सगळे लक्ष बोटांत आणावे लागले. निम्मी फणी होईतो माझा श्वास खाली बसला. तेव्हा यजमान म्हणाले, "आता सांग गं, काय म्हणत हुतीस?" लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझे शेवटपर्यंत ऐकले. मला रडू आले.

तेच आम्ही पुढे गल्लीला शिकवले. आधी गप्प बसून धागा. मग एकाने बोलायचे, दुसऱ्याने ते जसेच्या तसे परत सांगायचे, आणि मगच आपले उत्तर. जोडप्याच्या सासूला आत यायला बंदी. नियम माझाच, आणि माझ्याच घरात मी सासू, म्हणून या दोघांना मला बसवता आले नाही! परशराम तर म्हणायचा, आमचं आम्ही बघतो. बघितले ते असे.

३. दीर कल्लाप्पा यांनी या बैठकीला भर चौकात "नवरं बिघडवायची शाळा" म्हटले. खिडकीखाली उभे राहून ऐकत मात्र दर शनिवारी. त्यांना माझा लाकडी बाक. पाय दुखतात बिचाऱ्यांचे, यापुढे आत बसून ऐकावे.

४. इथवर लिहिले आणि परशराम या पुढच्या खोलीत आला. माझ्या खांद्यावरून कागद वाचला. जे झाले ते झाले तसे लिहिते.

"आये, माग तिच्या नावावर? मग मी ह्या घरात कोन?"

"परवा नीला तुला काय म्हणाली, ते सांग. तिच्या शब्दांत. मग तुझं ऐकते."

"काय म्हणणार? तेच रडगाणं."

"तुझं मत न्हाय इचारलं मी."

त्याने भिंतीवर मूठ आपटली. साक्षीला आलेल्या दोघांपैकी शेजारी मष्णू उठू लागले, त्यांना मी हाताने खाली बसवले. नीला ट्रंक सोडून दारापर्यंत आली, पण लांबच उभी राहिली. तिला बघून परशरामने मूठ खाली घेतली.

"भ्या वाटतंय म्हणाली," परशराम खाली बघत म्हणाला. "मी आलो की चपलांच्या आवाजावरनं वळखती, आज कसा हाय त्ये."

"आनि?"

"आनि... पोरगी बी तसंच वळखाय लागलीया म्हणाली."

"व्हय," नीला म्हणाली, "असंच म्हणलं हुतं. पर आत्ती, मी आज जाणार हाय."

"जा. किल्ली घिऊन जा," मी म्हणाले. किल्ली आत्ताच तिच्या हातात दिली आहे. माझ्या मरणाची वाट बघायला नको.

५. एकदा नीट ऐकले म्हणून धोटा मारलेला माफ होत नाही. माफ करायचे की नाही, हे नीलाने ठरवावे, मी नाही. ती आली तर आपल्या पायाने यावी. पुढच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी परशरामने, दार उघडे असले तरी, कडी वाजवून विचारावे. मागावरची फणी नीला व परशरामने मिळून अर्धी भरलेली आहे. ती त्याने दुसऱ्या कोणाला हाताशी घेऊन पुरी करू नये. धूळ बसली तर बसू द्यावी.

याहून जास्त मला देता येत नाही.

ठिकाण: वडगाव, बेळगाव
दिनांक: १२ नोव्हेंबर १९८३
सही: गंगव्वा आण्णाप्पा दिवटे

साक्षीदार:
१. मष्णू, शेजारी, वडगाव
२. मारुतीराव, निवृत्त शिक्षक, राहणार कॅम्प

गंगव्वांनी आम्हा दोघांसमोर सही केली. त्यांची शुद्ध चांगली आहे. सही वाळत असताना परशराम पुढच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर गेला आणि त्याने उघड्या दाराची कडी वाजवली. नीलाबाईंनी अजून 'या' म्हटलेले नाही. शामूची गाडी यायची आहे. — मारुतीराव