विभूतीखालची जखम

तीर्थरूप अप्पा,
शरणार्थ.

आज लिहायला बसले, कारण हात रिकामा राहिला की पायाकडं जातो. तुम्हाला झाली होती तिथंच, डाव्या नडगीला, मला जखम झालीय. माझी नात गौरी नर्स आहे. पट्टी बांधून दम देऊन गेली, "आजी, कितीबी खाज सुटू दे, हात लावायचा न्हाई. आत कामं चालू हायेत."

कसली कामं गं? तर म्हणाली, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेकडं धावतात. आधी येतात त्या जंतू खाऊन तिथंच मरतात. मागून दुसऱ्या येतात, मेलेल्यांना उचलतात आणि नवं मांस धरायला लावतात. ऐकलं आणि तुमची जखम आठवली.

लातूर नुकता जिल्हा झालेला, आपल्या मुरुडात पाणी टँकरचं. त्या गर्दीत घागरीची कड तुमच्या नडगीत घुसली. रोज सकाळी तुमची लिंगपूजा झाली की मी खपली ओढायचे, खालचं लाल दाणेदार मांस घाण समजून फडक्यानं खरवडायचे आणि वर विभूती भरायचे. केवढ्या भक्तीनं! तुम्ही म्हणायचात, "मुक्ते पोरी, आग लई हाय. आज नगं." मी ऐकलं का? दुकानात एवढाली पोती उचलणारा माणूस एवढ्याशाला भितो म्हणून उलट हसायचे.

शेवटी ताप भरला. चार दिवस तुम्ही पायाला हात लावू दिला नाही आणि पाचव्या दिवशी गेलात. आपल्या लिंगायत रीतीनं बसवून पुरायच्या आधी एका कळशीच्या पाण्यात तुम्हाला आंघोळ घातली. तेव्हा मी पाहिलं, जखमेच्या कडेनं नवी गुलाबी कातडी येऊ लागली होती. हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही.

परवा गौरीला सांगितलं. "माणूस गेला तरी त्या पेशी काही तास जगतात, आजी. त्यांना कोण सांगणार?" असं म्हणून ती चहा ठेवायला गेली. म्हणजे आम्ही माती लोटत होतो तेव्हाही तुमच्या पायात कामं चालूच होती, अप्पा?

मी मारलं का हो तुम्हाला? गौरी म्हणते, शुगर असंल, काहीही असंल. पण ताप भरायच्या आधी तुम्ही एकदा तरी माझा हात झिडकारायला हवा होता. एवढं कशाला सोसलंत?

आत्ता पट्टीखाली कुणीतरी हळूहळू चालल्यासारखं वाटतंय. भीती वाटते, आणि तुम्हीच आहात असंही वाटतं.

विभूती आता कपाळालाच लावीन. पट्टीला हात लावणार नाही. आज नाही, उद्याही नाही. यावेळी तुमचं ऐकते.

तुमची लेक,
मुक्ता